रात्रीचे जागले : दुसऱ्याचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्यांची गोष्ट

गेल्या महिन्यात बार्शीच्या मार्केट यार्डाबाहेर चहा पीत उभा होतो. ओळखीच्या एका आडत्यानं गाठलं. त्याचा मुलगा यंदा बारावीला. म्हणाला, "पत्रकार, तुमचा भाचा पुण्यात आयटीत आहे ना? मग तिथं तो नक्की करतो काय?"

मी ठोकून दिलं, "प्रोग्राम लिहितो."

घरी येताना वाटलं, आपण सहा वर्षं झाली लोकांना हेच सांगतोय, पण भाच्याला कधी विचारलंय का? रविवारी तो आला तेव्हा विचारलं. तो हसला. "मामा, मी आजवर एक प्रोग्राम लिहिलेला नाही. आमची कंपनी दुसऱ्यांचे कॉम्प्युटर सांभाळते. अमेरिकेतले दातांचे दवाखाने, वकिलांची ऑफिसं, एक शाळा, दोन-तीन छोटे कारखाने. त्यांचं काही बंद पडलं की आमच्याकडं तिकीट येतं. आणि बंद पडू नये म्हणून आम्ही रात्रभर जागतो."

म्हणजे जागल्याच की. पूर्वी गावाला जागल्या असायचा, रात्री पिकं आणि वेस राखायचा. फरक एवढाच की याची वेस ओहायोत आहे.

याला त्यांच्या धंद्यात मॅनेज्ड सर्व्हिसेस म्हणतात. आपल्याकडं आयटी म्हटलं की डोळ्यासमोर प्रोग्राम लिहिणारा इंजिनिअर येतो. पण तालुक्यातून बीसीएस, बीसीए, डिप्लोमा करून पुण्याला गेलेल्या पोरांपैकी मी ज्यांना ओळखतो, त्यातली निम्मी-अधिक याच राखणीच्या कामाला आहेत. आणि हा धंदा वाटतो तेवढा नवा नाही. त्याची गोष्ट मागं जाऊन सांगावी लागेल.

सुरुवातीला कॉम्प्युटर विकत मिळतच नव्हता म्हटलं तरी चालेल. आयबीएम ही अमेरिकन कंपनी भारतात पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला आली. तिची यंत्रं भाड्यानं मिळायची. परदेशात वापरून झालेली १४०१ सारखी मॉडेलं इथं आणून दुरुस्त करायची आणि भाड्यानं लावायची. यंत्र कंपनीचं, सुटे भाग कंपनीचे, दुरुस्तीचा इंजिनिअरही कंपनीचाच. गिऱ्हाईकानं महिन्याचं भाडं भरायचं, खोलायला हात लावायचा नाही. (आमच्या बार्शी लाईट रेल्वेचंही तसंच होतं. रूळ आमच्या शिवारात, कंपनी लंडनची. १९५४ साली सरकारनं ती विकत घेतली. असो.)

पुढं १९७३ चा फेरा कायदा आला. परकीय कंपन्यांनी भारतातल्या धंद्यातला आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा, असा त्याचा रोख. १९७७ ला जनता पक्षाचं सरकार आलं, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले आणि त्यांनी हा कायदा मनावर घेतला. कोका-कोला गेलं, हे सगळ्यांना आठवतं, कारण ते प्यायचं होतं. १९७८ साली आयबीएमही गेली, ते फारसं कुणाला आठवत नाही. पण कोका-कोला नसला तर माणूस लिंबू सरबत पितो. देशभर लावलेली यंत्रं उद्या बंद पडली तर कुणाला बोलवायचं?

ही जबाबदारी आली सरकारच्या एका कंपनीवर. नाव होतं कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, स्थापना १९७५. नावातच मेंटेनन्स. यंत्र बनवायचं नाही, विकायचं नाही, सांभाळायचं, हाच तिचा मूळ हेतू. आयबीएमचे बरेच इंजिनिअर तिच्यात आले. आयबीएमचा माणूस फक्त आयबीएमचं यंत्र बघायचा. या सीएमसीच्या माणसाला मात्र समोर येईल त्या कंपनीचं यंत्र चालवून दाखवावं लागे, तेही परदेशातून सुटे भाग येणं मुश्कील असताना. पुढं याच कंपनीनं रेल्वेच्या आरक्षणाची संगणक यंत्रणा उभी केली. दिल्लीत ती १९८५-८६ च्या सुमारास सुरू झाली. एका खिडकीवर कुठल्याही गाडीचं तिकीट मिळू लागलं ते त्यामुळं. २००१ साली सरकारनं सीएमसी टाटांना विकली, २०१५ ला ती टीसीएसमध्ये विलीन झाली. पाटीसुद्धा उरली नाही. आपल्या आयटीचा इतिहास लिहिणारे इन्फोसिसवर रकानेच्या रकाने भरतात, सीएमसीवर दोन ओळी. राखणाऱ्याच्या नशिबी बहुतेक एवढंच येतं.

दरम्यान बँकांत वेगळंच चाललं होतं. कॉम्प्युटर आला तर नोकऱ्या जातील म्हणून कर्मचारी संघटना विरोधात होत्या. १९८३ साली संघटना आणि बँका यांच्यात करार झाला आणि मर्यादित यंत्रांना दार उघडलं. तेव्हा भीती होती की यंत्र माणसाला घालवेल. यंत्राच्या मागं जागणारा माणूस लागेल, हे त्या वादात फार कुणी बोललेलं दिसत नाही.

आता माझ्या डोळ्यादेखतचं सांगतो.

१९९९ साली मी एका दैनिकाच्या तालुका कार्यालयात लागलो. दैनिकाचं नाव नको. डिप्लोमाची शाई वाळली नव्हती. कार्यालय म्हणजे बसस्टँडमागं दोन खोल्या. एक कॉम्प्युटर, त्यावर पेजमेकर आणि श्रीलिपी, एक फॅक्स आणि एक स्टॅबिलायझर. विजेचा दाब इतका वरखाली व्हायचा की स्टॅबिलायझर दिवसभर टक-टक करत बसायचा. आमच्या कॉम्प्युटरचं वार्षिक देखभालीचं कंत्राट होतं. एएमसी म्हणायचे सगळे. कंत्राट घेतलेल्या माणसाला आम्ही दादा म्हणायचो. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, लुना विकून घेतलेली एम-८०, कॅरियरला रेक्झिनची पिशवी. पिशवीत स्क्रूड्रायव्हर, ब्रश, सोल्डरिंगची गन, फ्लॉप्यांचा डबा आणि एक निळी वही.

त्या वहीत तालुक्यातल्या प्रत्येक कॉम्प्युटरची कुंडली होती. पतसंस्थेतल्या मशीनचा पंखा कधी बदलला, सूतगिरणीच्या ऑफिसात कुठला व्हायरस आला, डॉक्टरांच्या कॉम्प्युटरच्या आत पाल कशी चिकटून मेली आणि त्यानं पॉवर सप्लाय कसा उडाला. आमच्या पानावर बहुतेक एकच नोंद परत परत यायची : उंदरानं वायर कुरतडली. मागच्या भिंतीला भुईमुगाचं गोडाऊन होतं, त्याला दादा तरी काय करणार.

त्या वर्षी विधानसभा आणि लोकसभा दोन्हीच्या निवडणुका एकत्र झाल्या. ऑक्टोबरात मोजणी. रात्री दहाच्या सुमारास ऐन निकालाच्या पानावर कॉम्प्युटर बसला. फोन केला, दादा जेवणावरून उठून आले. हार्ड डिस्क गेली होती. त्यांनी स्वतःच्या दुकानातल्या मशीनची काढून आणली, सगळं परत भरलं, फॉन्ट टाकले. पावणेदोनला पान गेलं. तोवर कुणीतरी पिठलं-भाकरी आणली होती, ती सगळ्यांनी तिथंच वर्तमानपत्र अंथरून खाल्ली. या कामाचे वेगळे पैसे नाहीत, कारण एएमसी. आणि एएमसीचे पैसे तरी कुठं वेळेवर मिळत होते? आमच्या मुख्य कार्यालयानं त्यांचे दोन वर्षांचे थकवलेले मला माहीत आहेत. दादा दर महिन्याला येऊन विचारायचे आणि जाताना कीबोर्ड पुसून जायचे.

महाराष्ट्रात त्या काळात असे किती दादा असतील. त्यांच्यातलेच एक सगळ्यांना माहीत आहेत. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर. दहावीनंतर शिक्षण सुटलं, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीला लागले, मग स्वतःचं दुकान काढून कॉम्प्युटरच्या देखभालीची कामं घेतली. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये फ्लॉपीतून आलेले व्हायरस सापडायचे, म्हणून धाकटे भाऊ संजय यांनी ते काढायचं सॉफ्टवेअर लिहिलं. त्याची पुढं क्विक हील झाली, २०१६ ला शेअर बाजारात नोंदली गेली. पण हे एक नाव. बाकीचे दादा अजून एम-८० ऐवजी ॲक्टिव्हावर फिरतात.

आता गंमत बघा. अगदी असेच दादा अमेरिकेतही होते. बिघडलं की या, दुरुस्त करा, तासाचे पैसे घ्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला तिथल्या काहींनी हिशेब उलटा केला. बिघडल्यावर पैसे नकोत, दर महिन्याला ठरलेली रक्कम द्या, तुमचं सगळं आम्ही बघतो. वरवर आपल्या एएमसीसारखंच. पण यातली मेख लक्षात घ्या. तासावर पैसे घेणाऱ्याचं यंत्र बिघडण्यात हित असतं. महिन्याची ठरलेली रक्कम घेणाऱ्याचं यंत्र न बिघडण्यात हित. प्रत्येक बिघाड त्याच्या खिशातून जातो. मग तो काय करणार? यंत्रावर दुरून नजर ठेवायचं सॉफ्टवेअर बसवणार, बिघाडाची चाहूल आधीच घेणार आणि नजर ठेवणारा माणूस जिथं स्वस्त मिळेल तिथं शोधणार.

तो माणूस भारतात होता. १९९१ पासून सरकारच्या सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कांनी उपग्रहाच्या लाइनी दिल्या, ऑगस्ट १९९५ मध्ये विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. वायटूकेच्या कामात अमेरिकन कंपन्यांना भारतीय पोरांची सवय झाली. आणि घड्याळ आपल्या बाजूला होतं. हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या आपण साडेदहा तास पुढं, उन्हाळ्यात साडेनऊ. म्हणजे त्यांचं सकाळचं ऑफिस उघडतं तेव्हा आपल्याकडं दिवेलागण झालेली असते आणि त्यांची सुट्टी होते तेव्हा कोंबडा आरवायला थोडा वेळ असतो. या साडेदहा तासांवर खराडी, हिंजवडी, मगरपट्ट्याचे किती मजले उभे आहेत, कुणी मोजावं.

आयबीएमचंच बघा ना. १९७८ ला गेलेली ही कंपनी १९९२ साली टाटांचा हात धरून परत आली. २००४ साली एअरटेलनं आपली सगळी कॉम्प्युटर यंत्रणा सांभाळायला तिलाच दिली, दहा वर्षांच्या कराराने. तेव्हाच्या बातम्यांत आकडा होता ७५ कोटी डॉलर. भाड्याच्या यंत्रापाशी उभा असलेला कंपनीचा माणूस पंचवीस वर्षांनी परत आला, फक्त या वेळी यंत्र गिऱ्हाइकाचं आणि माणसं बहुतेक आपलीच. २०२१ मध्ये आयबीएमनं राखणीचा हा धंदा तोडून किंड्रिल नावाची वेगळी कंपनी केली, सुमारे ९० हजार माणसांची.

या सगळ्यात दादांच्या निळ्या वहीचं झालं तिकीट. ते नीट सांगतो, कारण भाच्याच्या नोकरीचा प्राण तिथं आहे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ब्रिटिश सरकारच्या एका संगणक विभागानं सरकारी कार्यालयांसाठी नियमावली काढली : कॉम्प्युटरची सेवा कशी द्यावी, तक्रार कशी नोंदवावी, बदल कुणाला विचारून करावा. आयटिल म्हणतात तिला. ती जगभर पसरली. आज भाचा जी भाषा बोलतो, इन्सिडेंट, प्रॉब्लेम, चेंज, एस्कलेशन, ती तिथून आलेली. तक्रार आली की तिला नंबर पडतो. तातडीप्रमाणं दर्जा पडतो : पी-वन म्हणजे सगळं ठप्प, पी-फोर म्हणजे माऊस हलत नाही. आणि नंबर पडला की घड्याळ सुरू होतं. करारात लिहिलेलं असतं, इतक्या मिनिटांत उत्तर, इतक्या तासांत दुरुस्ती. ते चुकलं तर कंपनीला दंड आणि पोराच्या नावावर लाल रेघ.

दादांना आम्ही फोनवर म्हणायचो, "अहो, चालत नाही, या." ते यायचे. त्यांना माहीत असायचं की आम्ही घाबरून दहापट सांगतोय. तिकिटात हे बसत नाही. तिथं दर पंधरा मिनिटांचा हिशेब भरायचा असतो. कुठल्या गिऱ्हाइकासाठी, कुठल्या कामावर. लघवीला गेलेली पाच मिनिटं कुठं टाकायची, असं भाच्यानं पहिल्या आठवड्यात विचारलं होतं म्हणे. शेजारच्यानं सांगितलं, "डॉक्युमेंटेशनमध्ये टाक."

त्याची रात्र कशी असते? उन्हाळ्यात साडेसहा ते साडेतीन, थंडीत एक तास पुढं. सोमवार सगळ्यात वाईट. अमेरिकेत लोक शनिवार-रविवारात पासवर्ड विसरून आलेले असतात, त्यामुळं पहिले दोन तास नुसते पासवर्ड. मग प्रिंटर. मग दवाखान्यातल्या एक्स-रेच्या फायली उघडत नाहीत. मध्येच एखादा सर्व्हर डिस्क भरत आल्याची सूचना देतो. बॅकअप झाला की नाही ते बघायचं, आणि झालेला बॅकअप परत उघडतो का तेही बघायचं, कारण पुष्कळ ठिकाणी बॅकअप रोज होतो आणि गरजेच्या दिवशी उघडत नाही. शनिवारी रात्री पॅच टाकायचे, त्यांची ऑफिसं बंद असतात म्हणून. जाताना पुढच्या पाळीच्या पोराला सगळं लिहून द्यायचं.

एका दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट बाई त्याला आता चांगली ओळखते. त्याच्या नावाची अर्धी अक्षरं कापून हाक मारते. तिच्या मुलाची बेसबॉलची मॅच कधी आहे हे याला माहीत. तिकडं बर्फ पडलं की याला लगेच कळतं, कारण तिकिटं एकदम कमी होतात. मार्चमध्ये आमच्याकडं गारपीट झाली, द्राक्षं गेली, ते याला दुसऱ्या दिवशी दुपारी उठल्यावर आईच्या फोनवरून कळलं.

हे ऐकून कुणाला वाटेल मी रडगाणं गातोय. तसं नाही. या पगारावर बहिणीच्या घरावर स्लॅब पडला, भाचीचं नर्सिंग झालं. हा पोरगा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला, इंग्रजी बोलायची वेळ आली की बाथरूममध्ये जाऊन बसायचा. आज परदेशातल्या चिडलेल्या वकिलाला शांत करतो. तो म्हणतो, "मामा, तिथं कुणी आडनाव विचारून अंदाज बांधत नाही. मशीन चालू झालं का, एवढंच विचारतात." आपल्या गावात राहून याला हे मिळालं असतं का, मला शंका आहे.

पण काही रात्री वेगळ्या असतात. २०२१ चा जुलै. कोरोनामुळं भाचा घरूनच काम करत होता, बार्शीत, बहिणीच्या घराच्या माडीवर. लाइट गेली की इन्व्हर्टर, तो बसला की मोबाईलचं नेट. दोन जुलैच्या रात्री बातमी आली की कसेया नावाच्या कंपनीचं सॉफ्टवेअर वापरून हल्ला झालाय. हे सॉफ्टवेअर म्हणजे याच धंद्यातल्या कंपन्यांचं दुरून नजर ठेवायचं हत्यार. गुन्हेगारांनी एकेक दुकान फोडलंच नाही, सगळ्यांच्या किल्ल्यांचा जुडगा ज्याच्याकडं होता त्या राखणदाराला गाठलं. ६० च्या आसपास देखभाल कंपन्या आणि त्यांच्यामार्फत १,५०० पर्यंत धंदे अडकले. स्वीडनमध्ये कूप या किराणा साखळीची सुमारे ८०० दुकानं बंद ठेवावी लागली, गल्लेच चालेनात. अमेरिकेत चार जुलैची सुट्टी तोंडावर, मालक लोक गावाला निघालेले. मुहूर्त बघूनच केलेलं काम. भाच्याच्या कंपनीत ते सॉफ्टवेअर नव्हतं, तरी प्रत्येक गिऱ्हाईक फोन करून विचारत होतं, "आम्ही सुरक्षित आहोत ना?" सकाळी सहाला बहीण चहा घेऊन वर गेली तर हा हेडफोन लावून तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता.

दुसरी रात्र, खरं तर दिवस, १९ जुलै २०२४. शुक्रवार. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट सुटलं आणि जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बसले. आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. भाचा पहाटे पाळी संपवून झोपला होता. अकराच्या आत फोन. यांच्या काही गिऱ्हाइकांकडं ते सॉफ्टवेअर होतं. आता अडचण अशी की कॉम्प्युटर सुरूच होत नाही, म्हणजे दुरून हात घालता येत नाही. प्रत्येक मशीनपाशी कुणीतरी बसून सेफ मोडमध्ये जायचं आणि एक फाईल पुसायची. ज्या डिस्कला कुलूप होतं तिथं आधी ४८ आकड्यांची किल्ली टाकायची. तिकडची सकाळ झाल्यावर भाच्यानं त्या रिसेप्शनिस्ट बाईंना एकेक आकडा फोनवर वाचून दाखवला. सहा-सहाचे आठ गट. एक चुकला की तो गट परत. मशीन अकरा. बाई रडकुंडीला आल्या, हा इकडं सलग कितव्या तासाला होता ते त्यालाच आठवत नाही. संपल्यावर त्या म्हणाल्या, "तू झोपलास का रे?" त्या दिवसात त्याला हा प्रश्न विचारणाऱ्या त्या एकट्याच.

यानंतर बाराच दिवसांनी, ३१ जुलैला, ही गोष्ट आपल्या दारात आली. सहकारी आणि ग्रामीण बँकांची कॉम्प्युटर यंत्रणा सांभाळणाऱ्या सी-एज या कंपनीवर खंडणीचा व्हायरस आला. लागण पसरू नये म्हणून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं तिला तोडून ठेवलं आणि देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचं यूपीआय, एटीएम थांबलं. दुसऱ्या दिवशी ते सुरू झालं. पण त्या एका दिवसात मी एका बँकेच्या शाखेत उभा होतो. एक म्हातारे गृहस्थ, पोराच्या ऑपरेशनचे पैसे दवाखान्यात पाठवायचे होते, कॅशियरवर ओरडत होते. कॅशियर सांगत होता, वरून बंद आहे. वरून म्हणजे कुठून, हे त्यालाही माहीत नव्हतं. त्या वेळी कुठल्यातरी शहरात कुणातरी पोरापुढं पी-वनचं तिकीट उघडं असणार आणि घड्याळ पळत असणार. म्हाताऱ्याला तो दिसत नव्हता, त्याला म्हातारा दिसत नव्हता. मध्ये कॅशियर शिव्या खात होता.

दादांच्या वेळी असं नव्हतं, म्हणून ती पिठलं-भाकरीची रात्र इतकी लांबण लावून सांगितली.

कायद्याचंही थोडं सांगतो, कारण आई-बापांना हे कुणी सांगत नाही. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात, २०१७ च्या, दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास काम लिहिलं, जादा कामाला दुप्पट दर लिहिला. बायकांना रात्री साडेनऊनंतर काम द्यायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था बंधनकारक केली. ती कलमं हवेतून आलेली नाहीत. २००७ साली पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका बीपीओतल्या मुलीचा तिला न्यायला आलेल्या कॅबच्या चालकानंच साथीदाराला घेऊन, अत्याचार करून खून केला होता. तेव्हा आमच्याकडच्या किती घरांनी मुलींना परत बोलावलं, मी बातमी केली होती. पण याच कायद्यात व्यवस्थापकीय आणि देखरेखीच्या पदांना सूट आहे. भाच्याला तिसऱ्या वर्षी बढती मिळाली. पदाच्या नावात लीड आलं. हाताखाली माणूस एकही नाही, पगार जेमतेम वाढला, जादा तासांचा विषय मात्र संपला. आम्ही पेढे वाटले होते.

आता नवीन काय, तर पासवर्डची तिकिटं मशीनच सोडवतं. पहिल्या पायरीवरची, कॉलेजातून नुकती आलेली पोरं घेणं कंपनीनं जवळजवळ थांबवलंय. भाच्याला गेले चार महिने एक काम दिलंय : सहा वर्षांत जे जे बिघाड पाहिले, ते ओळखायचे कसे आणि सोडवायचे कसे, हे एकेक करून लिहून काढायचं. कुठल्या दवाखान्याचा कुठला सर्व्हर पावसात त्रास देतो, इथपर्यंत. मी विचारलं, "हे कशाला?" तर म्हणाला, "एआयला शिकवायला. आमचे साहेब म्हणतात, नॉलेज बेस." थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मामा, सगळं लिहायचं का थोडं ठेवायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. सीएमसीच्या इंजिनिअरांना कंपनी निघून गेल्यावर यंत्र समजून घ्यावं लागलं होतं. इथं कंपनी जागेवर आहे आणि माणसाच्या डोक्यातलं काढून घ्यायचं चाललंय. बँकांच्या संघटनांनी १९८३ साली निदान टेबलावर बसून करार तरी केला. या पोरांचं टेबल कुठं आहे, मला ठाऊक नाही.

आडत्याला मी हे सगळं सांगितलं, दोन चहा होईपर्यंत. त्यानं ऐकून घेतलं. रात्रपाळीचा भत्ता किती ते विचारलं. नेटवर्किंगचा कोर्स करावा का सिक्युरिटीचा ते विचारलं, मी म्हटलं भाच्यालाच विचारा, पण पोराला आधी सांगा की रात्र जाते. मग उठताना म्हणाला, "ते राहू द्या. माझ्या गाळ्यातला बिलाचा प्रिंटर दोन दिवस बंद आहे. भाचा रविवारी आला की जरा बघेल का?"

भाचा आला, बघितलं. तुरीची पोती सरकवली तर मागं वायर उंदरानं कुरतडलेली. बसस्टँडजवळच्या दुकानातून नवी आणली. दादांचे केस आता पांढरे झालेत. त्यांनी पैसे घेतले आणि वहीत आडत्याच्या नावापुढं तारीख टाकून लिहून ठेवलं.